जोत्यावर उरलेली तिजोरी

“माझ्या नवऱ्याला वादळानं नाही मारलं,” व्हर्ना स्टकी फोनवर म्हणाली. “आणि ज्यानं मारलं, त्याच्याकडे आता पिस्तूल आहे.”

खासगी गुप्तहेर मार्लीन टॅकेट आणि तिचा मदतनीस रॉइस लगेच निघाले. ओक्लाहोमातल्या त्या शेतावर घराचं नुसतं जोतं उरलं होतं. टोर्नेडोनं भिंती पाडल्या, छप्पर नेलं, ट्रकसुद्धा नेला. जोत्याला बोल्टांनी जखडलेली बंदुकांची तिजोरी मात्र जागची हलली नव्हती. लॉनी स्टकी भिंतीखाली सापडला होता, छातीत लाकूड घुसलेलं. शेरीफनं मृत्यू वादळाच्या नावावर टाकला होता.

“मी बहिणीकडे होते. आज तिजोरी उघडली, तर लॉनीचं पिस्तूल नाही,” व्हर्ना म्हणाली. “कुलपाचे आकडे आम्हा तिघांनाच ठाऊक. मी, लॉनी आणि माझा दीर कर्टिस.”

कर्टिस वादळात लपायच्या तळघराच्या तोंडाशी उभा होता. “वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तेव्हा लॉनीनं माझ्यादेखत तिजोरी लावली. तो कुत्र्याला आणायला गेला, मी खाली उतरलो. पिस्तूल कमरेलाच असेल त्याच्या. वाऱ्यानं नेलं, दुसरं काय!”

शेजारचा वेड हॉब्स म्हणाला, “वादळ सरल्यावर बार ऐकला मी. वाटलं, ह्यांची गॅसची टाकी फुटली. धावत आलो, तर कर्टिस ढिगारा उपसत होता. तिजोरी बंद होती.”

“हॉब्सला आकडे माहीत नाहीत. तो सुटला,” रॉइस पुटपुटला.

“आकडे लागलेच कुणाला?” मार्लीन म्हणाली. “टाकी बघ. धड उभी आहे. आता तिजोरीत बघ.”

आतल्या रायफलींवर चिखल होता. छपरात भरतात तो गुलाबी कापूस कोपऱ्याकोपऱ्यात अडकला होता. एका फळीवर मात्र पिस्तुलाच्या आकाराची जागा स्वच्छ होती.

एवढ्यात भोंगा पुन्हा वाजला. पश्चिमेला आभाळ हिरवंकाळं झालं होतं. सगळे तळघराकडे पळाले.

कर्टिस पायरीवर वाट अडवून उभा राहिला. “आधी बोला, बाई. काय दिसलं?”

“बंद तिजोरीत कापूस जात नाही. वादळात दार उघडं होतं. म्हणजे तू खोटं बोललास. चिखल उडाला तेव्हा पिस्तूल फळीवरच होतं. ते नंतर उचललं गेलं. टाकी फुटली नाही, मग तो बार कसला? भिंतीखाली अडकलेल्या लॉनीला गोळी घातलीस, जखमेत लाकूड खुपसलंस, तिजोरीचं दार लावलंस. कुलपाबद्दल खोटं बोलून पिस्तूल वाऱ्यानं नेल्याचं भासवायची गरज फक्त खुन्यालाच होती.”

कर्टिसचा हात कोटातून पिस्तुलासकट बाहेर आला. व्हर्ना किंचाळली. वर उभ्या रॉइसनं तळघराचं लोखंडी झाकण सोडलं, ते कर्टिसच्या मनगटावर आदळलं. पिस्तूल घरंगळत खाली गेलं. हॉब्सनं कर्टिसवर झडप घातली.

वारा गुरगुरू लागला. कर्टिसला बाहेर सोडणं शक्य नव्हतं. पाचही जण अंधारात दाटीवाटीनं बसले, कर्टिसचे हात पट्ट्यानं बांधलेले. डोक्यावर झाकण धडधडत होतं.

“का?” व्हर्नानं विचारलं.

“शेत विकायला तयार नव्हता. वाटलं, सगळे वादळच म्हणतील.”

“त्यानं तुला पाहिलं होतं?”



“पाहिलं, वहिनी,” कर्टिस म्हणाला. “म्हणाला, बरं झालं कर्टिस, तू आलास.”