घटाला बसवलेली जपानी बरणी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर द्या सोडून. पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, आसावरीच्या घरात घडलंय. आणि तिला खोटं बोलताना मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.

सप्टेंबर २००६. इंग्लंडातलं रीडिंग. घटस्थापनेचा शनिवार.

आसावरीला सातवा महिना होता. आदल्या वर्षीचं बाळ पोटातच गेलेलं. म्हणून यंदा तिने देवीला बोलून ठेवलं होतं, नऊ दिवस घट बसवीन, पण हे बाळ माझ्या हाती लागू दे.

आणि नेमका तांब्याचा कलश पुण्याला राहिला! वेंधळी ती पहिल्यापासूनच.

मग तिने शोकेसमधली जपानी बरणी काढली. कार बूट सेलला, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारात, एका म्हाताऱ्या बाईकडून घेतलेली, शंभरेक वर्षांची. दुधी झिलई, तिच्यावर केसाएवढ्या भेगांची जाळी. निळ्या रंगात पाइनच्या झाडाखाली खेळणारी पोरं. मानेपाशी तडा गेलेला, तो कुणीतरी सोन्याच्या रेघेने सांधलेला. झाकण नव्हतं. आतून झिलईही नव्हती.

तिने पाणी भरलं. सुपारी, नाणं टाकलं. पानं लावली, नारळ ठेवला.

घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत जागचा हलवायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

सोमवारी दुपारी तिचा नवरा पुष्कर ऑफिसला गेलेला. घरात ती एकटीच.

टिक...

काचेवर नख मारावं तसा आवाज. बरणीतून.

तिने नारळ उचलून पाहिलं. पाणी निम्मं.

तिने पुन्हा भरलं. मंगळवारी पुन्हा टिक... पुन्हा निम्मं.

पुष्करने हसण्यावारी नेलं. आत झिलई नाही, माती पाणी पिते, ओल लागून वरची झिलई तडकते, झालं. पटण्यासारखंच होतं.

पण बरणीचं बूड आणि खालचं ताम्हन... दोन्ही कोरडं ठणठणीत.

शुक्रवारी पुष्करच्या ऑफिसमधली मिचिको जेवायला आली. बरणी पाहिली आणि तिचा घास हातातच राहिला. झाकण कुठंय, असं तिने हळूच विचारलं. मग म्हणाली, सगळ्याच तशा नसतात, पण आमच्याकडे दहनानंतर अस्थी बरणीत ठेवतात. एवढीशी बरणी असेल तर लेकराच्या. आणि गेलेल्या माणसाला आम्ही रोज पाणी ठेवतो.

आसावरीच्या पायाखालची जमीनच सरकली. मंगल कलश म्हणून काय पुजून बसली होती ती!

पुष्कर म्हणाला, आत्ताच्या आत्ता बाहेर काढतो. पण घट हलवला की नवस मोडला. आणि नवस ज्याच्यासाठी होता, ते तिच्या पोटात लाथा मारत होतं.

तिने हलवू दिला नाही. घाबरत होती, रडत होती, पण रोज पाणी घालत होती.

नवमीला आवाज आलाच नाही. पाणी काठोकाठ, तसंच. तिला वाटलं, निवलं बिचारं.

दसऱ्याच्या सकाळी मिचिको बरणी न्यायला आली. ती लंडनमधल्या एका जपानी मंदिरात देणार होती. आसावरीने बरणी पुसून तिच्या हातात ठेवली. डोळे भरून आले. दारातून निघालेल्या लेकराला 'जा' कसं म्हणायचं? आपल्याकडे म्हणतात का कधी? जे तोंडात बसलंय तेच बाहेर पडलं.

"ये हं, बाळा."

पोटातलं बाळ एकदम थांबलं.

लाथ नाही, हालचाल नाही. तासभर तरी. पुष्कर गाडी काढायला धावला.

आणि मग... टिक.

बरणी तर केव्हाच गेली होती. आवाज कुठून आला, ते आसावरीने मला आजवर सांगितलेलं नाही.

डिसेंबरमध्ये कस्तुरी झाली. धडधाकट, गोरीपान.

२००९ च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले होते. पोरगी दिवसभर पाणी मागते. डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट केल्या, काही निघालं नाही. एकदा मीच तिला आंघोळ घातली. मानेपाशी जन्मखूण आहे. बारीक, पिवळसर रेघ... सांधल्यासारखी.

मी पेला भरून तिच्या हातात दिला.

निघताना ती दारात आली, हात हलवत. 'येते हं' माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

मी काही न बोलता निघाले.