हाक मारेपर्यंत

लालबागच्या मसाला गल्लीमागे, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर अंबिकाबाईंची खोली. एप्रिल लागला की खाली मिरची कांडायची यंत्रं सकाळपासून धडधडतात आणि तो तांबडा खकाणा जिने चढून थेट उशीच्या अभ्र्यात शिरतो. याच खोलीत त्या नवरी होऊन आल्या, याच खोलीतून त्यांनी गिरणीतल्या नवऱ्याला शेवटचं पोचवलं. आता गुडघे गेले होते. तीन जिने म्हणजे तीन डोंगर. म्हणून त्यांच्या मयूरने ठरवलं, खोली विकायची आणि आईला घेऊन अँटॉप हिलला, लिफ्टच्या घरात जायचं.

मयूरचा धंदाच तो, दलालांसाठी घरांचे व्हिडिओ काढायचे. नियम एकच, घरात माणूस दिसता कामा नये. माणूस दिसला की बघणाऱ्याला घर दुसऱ्याचं वाटतं. रिकामं दिसलं की तो मनातल्या मनात आपला पलंग मांडून मोकळा होतो.

"आई, जरा गॅलरीत उभी राहा. मी हाक मारेपर्यंत आत येऊ नकोस."

"माझ्याच घरातसून माका भायर काढतंस मरे!" अंबिकाबाई हसत बाहेर गेल्या. कठड्याला टेकून सवयीने जात्यावरची ओवी गुणगुणू लागल्या.

"गुणगुणू पण नकोस गं, आवाज येतो."

ओवी थांबली.

फोन दांडीला लावून मयूर उंबऱ्यातून आत शिरला. मोरी, माळा, पितळी डबे, खिडकीतलं ऊन. शेवटच्या कोपऱ्यावर आला तोच खिशातला दुसरा फोन वाजला. निलेश, त्याचा दलाल.

"भावा, परळच्या घराची पार्टी तिथे येऊन उभी आहे. आहेस तसा निघ!"

बोलता बोलताच मयूरने रेकॉर्डिंग बंद केलं, व्हिडिओ पाठवून दिला आणि फोन कानाला लावून आईच्या शेजारूनच जिना उतरला.

संध्याकाळी परतला तर अंबिकाबाई तिथेच, कठड्याला टेकून.

"अगं, आत नाही गेलीस?"

"तू खय हाक मारलंस?"

त्याला हसू आलं, गलबलूनही आलं. हात धरून त्याने तिला आत नेलं. हात माठाच्या पोटासारखा गार लागला. हाक मात्र तेव्हाही मारायची राहिली.

रविवारी एक जोडपं खोली बघायला आलं. अंबिकाबाई पलंगावर पदर सावरून म्हणाल्या, "येवा, बसा." बाई भिंतीचे पोपडे बघत राहिली. पुरुषाने मोजपट्टी सरळ पलंगावरून ताणली. अंबिकाबाईंनी मान खाली घातली, पट्टी केसांना घासून गेली.

"व्हिडिओत होती तशीच आहे," तो बायकोला म्हणाला. "रिकामी."

काय माणसं असतात एकेक, मयूर मनात चरफडला.

मंगळवारी शेजारच्या मीनाक्षीकाकू दारात आल्या. दोन घरांत तीस वर्षं वाट्यांची ये-जा.

"काय रे मयूर, आईला गावी पाठवलीस? जाताना सांगितलं पण नाही बाईने."

अंबिकाबाई काकूंच्या पायापासून हातभर अंतरावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी नुसतं वर बघितलं. मग पुन्हा सुपात बोटं फिरवू लागल्या.

मयूरने व्हिडिओ उडवला, निलेशला फोन लावला.

"वेडा झालास काय? चाळीस ग्रुपवर फिरतोय तो. लोक ठेवून घेतात, भावा. आता तो काय मागे येतोय?"

त्यानंतर आई दिसायची, पण नीट निरखून बघावं लागायचं. आधी फोडणीचा वास यायचा, मग बांगड्या वाजायच्या, आणि मग कुठे ती. एका सकाळी मयूर चहा गाळून बसला आणि त्याच्या लक्षात आलं, आपण कप एकच घेतलाय.

त्याने फोन काढला. "आई, इकडे बस. पलंगावर, मधोमध. बोल काहीतरी."

"काय बोलू, झिला?"

मिनिटभर त्याने चित्रण केलं आणि लावून बघितलं.

पलंग होता. गोधडी मधोमध खचलेली होती.

मान वर केली. समोरही तेवढंच होतं.

मोरीत नाही. गॅलरीत नाही. सुपात तांदूळ, अर्धे निवडलेले.

त्याने एका ग्रुपवरून तो जुना व्हिडिओ उघडला. हेडफोन लावले. शेवटचा कोपरा, खिडकीतलं ऊन. त्याचाच आवाज, "हां निलेश, बोल." त्याखाली यंत्रांची धडधड. आणि धडधडीच्याही खाली, दाराबाहेरून, अगदी हळू,

"झिला, झाला काय? येव काय भुतूर?"

मयूर उंबऱ्यात जाऊन ओरडला, "ये, आई! ये आत! झालं माझं!"

चार दारं उघडली. मीनाक्षीकाकू पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या.

कुणी आलं नाही.

खाली मसाला गल्लीला सुट्टी होती. एकही यंत्र चालू नव्हतं.

त्याने व्हिडिओ पुन्हा लावला. तोच कोपरा, तेच ऊन, तीच धडधड. त्याचं बोलणं संपलं. व्हिडिओ इथेच थांबायचा.

थांबला नाही.

"हाक मारलंस काय रे? ह्या धडधडीत काय्येक आयकाक येना नाय."