बिघाड नसलेला डंप

चहाच्या मशीनपाशी त्याने तिच्या पायावर चहा सांडला आणि माफी मागायचं सोडून विचारलं, “डंप वाचणाऱ्या मॅडम कुठे बसतात?”

“त्यांचा पाय पुसून झाला, की दाखवते,” ती म्हणाली.

मेनफ्रेमवरचा, म्हणजे ऑफिसच्या मोठ्या संगणकावरचा, प्रोग्राम कोसळला, की त्या क्षणाची त्याची सगळी मेमरी एका फाइलमध्ये उतरवून ठेवतात. तो डंप. तो वाचून दोष काढणं हा तिचा पेशा; आईने आणलेल्या स्थळांनाही ती त्याच तत्परतेने दोष काढी. या चहा सांडणाऱ्यात मात्र काही सापडेना… आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

तो दुसऱ्या गावच्या शाखेतून याच कामासाठी आला होता. चूक सापडली की परत जाणार. तिने कमांड दिली. पडद्यावर मेमरीतल्या खणांचा हिशेब उमटला. प्रोग्रामने लागेल तसा एकेक खण घ्यायचा आणि काम झालं की परत ठेवायचा, अशी रीत. इथे सगळेच घेतलेले, मोकळा एकही नाही. कारण तिच्या लगेच लक्षात आलं. दोन दिवस गप्प बसावं, असंही क्षणभर मनात आलं. पण कामात खोटेपणा तिच्या जिवावर येई.

“काम अर्धवट सुटलं, की तुमचा प्रोग्राम खण परत ठेवत नाही.”

“म्हणजे घेतो, पण देत नाही? वाईट सवय.”

“त्याची कसली? बिचारा सांगितलं तेवढंच करतो. सांगणारे तुम्ही.”

तो हसला. दुपारपर्यंत दुरुस्ती झाली, प्रोग्राम सुरळीत चालू लागला. तिला वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात, खांद्याला प्रवासाची बॅग. “अजून एक डंप आहे…”

तिने कमांड दिली. मग पुन्हा एकदा दिली. खण बहुतेक सगळे जागच्या जागी.

“यात काही बिघडलेलं नाही.”

“माहीत आहे.”

“धडधाकट प्रोग्रामचा डंप कोण काढतं? तेवढा वेळ सगळ्यांची कामं अडतात. ऑपरेटर ओरडला असेल.”

“ओरडला ना. पण… तुमच्याकडे यायला दुसरं कारण सुचेना.”

तिने पडदा बंद केला. तिथे वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

“रविवारी या,” ती म्हणाली. “घरी. आई असेल. आणि डंप आणू नका – मला तुम्ही आवडता, तेवढं कारण पुरे.”