सात नंबरची पोर

"खा गं माझे बाई… अजून एक घास! टीव्हीवर कशी भरलेली दिसतेस, आणि इथं बघावं तर नुसती हाडं!" असं म्हणत सरुबाईंनी बाजरीच्या भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून लेकीच्या तोंडाशी नेला, आणि सहा वर्षांनी आईच्या हातचा घास ओठांना लागताच मोहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा धारा वाहू लागल्या… त्या ठेच्यामुळे की मायेमुळे, हे तिचं तिलाच कळेना!

मायलेकी बसल्या होत्या एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, सतरंजीवर. २००७ सालचा दसरा तोंडावर आला होता आणि 'पावलांची जोडी' या टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धेचा शेवटचा सोहळा यंदा नाशिकच्या मैदानावर ठरला होता. या स्पर्धेत एकेका जोडीत एक मालिकेतला नट किंवा नटी, आणि त्यांना शिकवणारा, पेलणारा, पडता पडता सावरणारा एक कसलेला डान्सर. नटांची सोय मोठ्या हॉटेलात, डान्सरांची या सतरंजीवर. पडद्यावर नाव झळकायचं ते नटांचं. डान्सरला हाक मारायची तर "ए, सातवाली!" एवढंच. आता जिच्या खांद्यावर पाय देऊन तुम्ही टाळ्या घेता, तिचं नाव घेताना काय जिभेला फोड येतो? पण नाही!

"आणि ऐक," सरुबाई इकडंतिकडं बघत कुजबुजल्या, "आज संध्याकाळी नाना येणारेत."

मोहिनीचा घास हातातच राहिला. "नाना? मला बघायला?"

"मग काय मला बघायला? मला रोजच बघतात की!"

नाना म्हणजे निवृत्ती विधाते. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा नि शेवंतीचा मळा. मोहिनी म्हणजे त्यांच्या काळजाचा तुकडा. पण सहा वर्षांपूर्वी सिन्नरचं स्थळ चालून आलं, पाहुण्यांनी "सुनेनं नाचलेलं आम्हाला खपणार नाही" म्हणून सांगितलं, आणि लेकीनं हात जोडून "नाना, स्थळ सोडते, पण नाच नाही सोडत" म्हटलं, तेव्हा भर मांडवात नाक कापल्यासारखं झालं त्यांना! मोहिनी मुंबईच्या एसटीत बसली त्या दिवशी त्यांनी घरात बजावलं, "आजपासून हिचं नाव कुणी काढायचं नाय." आणि तेव्हापासून, खरोखर, त्यांनी ते काढलं नव्हतं. मुंबईतल्या भाड्याच्या खोलीत कित्येकदा घामानं भिजून अंग टाकताना मोहिनीच्या कानात नानांची "मोहिनी!" ही जुनी हाक घुमायची… आणि उशी ओली व्हायची!

"बोलले काही माझ्याबद्दल?" तिनं भीत भीत विचारलं.

सरुबाई पदराआड हसू लागल्या. "नाव नाय घेत गं अजून. पण तुमच्या जोडीला मत द्यायला मेसेज करायचा तो नंबर आहे ना, तेवढा घेतात! शनिवार आला की घटकाभर आधीच टीव्हीपुढं. 'सात नंबर आली का? सात नंबरला साडी बरी नाय दिली आज.' फुलबाजारात करंड्या उतरवता उतरवता जो भेटेल त्याला सांगतात, सात नंबरला मेसेज करा रे, पोरगी लय भारी नाचती! कोण लागती तुमची, असं कुणी विचारलं की मोठ्यानं खोकतात. आज मंचाला लागणारा झेंडू आपल्याच मळ्यातला जायचाय. गाव टेम्पो भरून येणारे. सात नंबर ती बक्षिसाची गाडी जिंकून घरी आणणार म्हणून सांगून ठेवलंय त्यांनी सगळ्यांना!"

मोहिनी हसली, पण लगेच तिनं हातातला घास खाली ठेवला. सात नंबर तिचा नव्हताच! तो होता अमितचा, मालिकेतल्या त्या लाडक्या नायकाचा. मतं त्याची, गाडी त्याची, नाव त्याचं. ती फक्त त्याची डान्सर. एवढ्या आशेनं येणाऱ्या बापाला हे कुणी सांगायचं? नकोच सांगायला, तिनं ठरवलं. एकदा… आयुष्यात एकदाच नाना समोर बसोत, डोळे भरून मला नाचताना बघोत. मग काय व्हायचं ते होवो!

पण दुपारी मैदानावर सराव सुरू झाला आणि सगळं विस्कटलं.

नव्यानं रंगवलेला मंच गुळगुळीत होता. मनमाडचा ज्ञानेश, रेल्वेतल्या गँगमनचा मुलगा, सगळ्यांत हसरा पोरगा, एका नटीला खांद्यावर घेऊन गिरकी मारत होता. त्याचा पाय सटकला. तिला इजा होऊ नये म्हणून त्यानं सगळा भार स्वतःच्या घोट्यावर घेतला, आणि असा काही विव्हळला की वादकांचे हातही थांबले. बघता बघता घोटा टम्म फुगला. व्यवस्था बघणारे यादवसाहेब धावत आले, आले ते नटीकडं. तिला पाणी, तिला खुर्ची, तिला डॉक्टर! ज्ञानेशकडं त्यांनी लांबूनच नजर टाकली.

"याला रिक्षात घालून स्टँडवर सोडा. मनमाड काही लांब नाही. आज नाचणार नाही, म्हणजे आजचे पैसे नाहीत. याच्या जागी दुसरा मुलगा उभा करा."

"अहो पण साहेब, दवाखाना?" मोहिनी पुढं झाली. "आणि दोन महिने सराव केला त्याचं काय? त्याचा तर आम्हाला एक रुपया मिळत नाही."

"सरावाचे कसले पैसे? ए सातवाली, जागेवर जा. संध्याकाळी थेट प्रक्षेपण आहे."

मोहिनी जागेवर गेली नाही. तिनं ज्ञानेशचं डोकं मांडीवर घेतलं आणि मंचाच्या पायरीवर बसली. "आधी याला डॉक्टर. सरावाची मजुरी. आणि पडद्यावर आमची नावं, सगळ्यांची. तोवर आम्ही नाचणार नाही." आणि बसली ती बसलीच! पेठकडची संध्या तिच्या शेजारी येऊन बसली, मग दुसरा, मग तिसरी… आणि पायऱ्या डान्सरांनी भरून गेल्या.

यादवसाहेबांना घाम फुटला. माणूस हुशार; त्यांनी मोहिनीला बाजूला घेतलं आणि एकदम मधाळ आवाजात म्हणाले, "हे बघ, तू इथलीच ना? घरचे येणार असतील आज. तू उठ. मी तुझं नाव लावतो पडद्यावर, मोठ्या अक्षरांत. फक्त तुझं. बाकीच्यांचं मी बघतो."

काय सांगावं तिच्या जिवाची उलघाल! मोठ्या अक्षरांत तिचं नाव… आणि समोर नाना! सहा वर्षं ज्या क्षणासाठी ती झुरली तो असा ताटात वाढून समोर आला होता. फक्त उठायचं होतं. तिनं मागं वळून पाहिलं. ज्ञानेश दात-ओठ खाऊन वेदना गिळत होता, आणि संध्या तिच्याकडं बघत होती, जाशील ना आता, असं तिची नजर म्हणत होती.

"नाही साहेब," मोहिनी म्हणाली. "एकटीचं नको." आणि नाना आता समोर बसून मला नाचताना कधीच बघणार नाहीत, असं मनाशी म्हणत ती पायरीवर परतली.

तेवढ्यात, मंचाची फुलं उतरवायला संध्याकाळच्या आधीच निघालेला टेम्पो फाटकातून आत आला. झेंडूच्या पाट्या, हारांच्या करंड्या, मागं अख्खं मखमलाबाद, आणि सगळ्यांत पुढं डोक्याला कोरा फेटा बांधलेले नाना! नजर भिरभिर शोधत होती, आणि लेक सापडली तेव्हा पायरीवर, धुळीत बसलेली.

"काका, फुलं तिकडं ठेवा अन् बाजूला व्हा," यादवसाहेब खेकसले. "या डान्सर लोकांनी तमाशा मांडलाय."

"पण सात नंबर…"

"सात नंबर अमितसरांचा! मतं त्यांना, गाडी त्यांना. ही नुसती त्यांच्याबरोबर नाचते. हिचा काय संबंध?"

नाना एकदा साहेबांकडं, एकदा लेकीकडं बघत राहिले. मोहिनीनं मान खाली घातली… झालं! सगळ्या गावादेखत पुन्हा एकदा यांची मान खाली गेली माझ्यापायी! आता पाठ फिरवतील आणि टेम्पोत जाऊन बसतील.

नानांनी करंडी खाली ठेवली. त्या पोरांच्या समोर जाऊन उभे राहिले, ज्ञानेशचा घोटा पाहिला, आणि मागं वळून म्हणाले, "अन् ह्यांची नावं कुठंशी लिवलीत, साहेब?"

"डान्सरांची नावं नसतात हो लावत."

"नसतात?" नानांचा आवाज चढला. मखमलाबादच्या जत्रेत सत्काराच्या वेळी माईकवर नावं पुकारायचं काम वर्षानुवर्षं त्यांचंच. मल्ल असो की पाहुणा, बापाचं नाव आणि गाव घेतल्याशिवाय त्यांनी कुणाच्या गळ्यात हार घातला नव्हता. ते तडक मंचावर चढले आणि तिथला माईक त्यांनी हातात घेतला. "मग आम्ही घेतो. आण रे ती करंडी!"

खाली वाकून त्यांनी ज्ञानेशला विचारलं, "बाळा, पुरं नाव सांग तुझं. बापाचं नाव, गाव."

"ज्ञानेश… ज्ञानेश भिमाजी सोनवणे. मनमाड."

"मनमाडचे ज्ञानेश भिमाजी सोनवणे!" साऱ्या मैदानावर आवाज घुमला, हार गळ्यात पडला, आणि गावानं अशी टाळी वाजवली की पोरगा दुखणं विसरून खदाखदा हसायलाच लागला. "पेठच्या संध्या मंगळू गावित!" संध्याला रडू आवरेना, बापाचं नाव असं भोंग्यावर तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. एकेक नाव, एकेक गाव, एकेक हार… आणि प्रत्येक नावाला टाळ्या वाढतच गेल्या.

शेवटी मोहिनी उरली. नाना तिच्यासमोर आले. हातात शेवंतीचा एक हार होता, माईक त्यांनी तोंडाशी नेला, खाली घेतला, पुन्हा वर धरला. मोहिनीनं डोळे मिटून घेतले. मला नंबरानंच पुकारतील का… की पुकारणारच नाहीत?

"हिला नाव विचारायची गरज नाय," नाना म्हणाले, आणि त्यांचा तो गावभर गाजलेला आवाज चिरकला. "मखमलाबादची… मोहिनी… मोहिनी निवृत्ती विधाते! माझी लेक!"

हार गळ्यात पडण्याआधीच तिनं त्यांच्या पायांना मिठी घातली. "नाना, ती मतं माझी नव्हती हो… मला सांगायचा धीर झाला नाही. गाडी नाही मिळायची मला!"

"मतं कुणाची का असंनात, बोटं झिजवली ती तुझ्यासाठी!" नानांनी तिला उठवून छातीशी धरलं, फेटा सुटून खांद्यावर आला तरी त्यांना भान नव्हतं. "ह्या साहेबांना मी काय बोलू, पोरी? तुझं नाव घ्यायचं सोडणारा पहिला तर मीच…"

या गलक्यानं अमित व्हॅनमधून बाहेर आला होता. मुलगा मनानं चांगला. सगळं ऐकून घेतल्यावर तो गुपचूप पायरीवर मोहिनीच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "यादवसाहेब, माझं पाऊल चुकलं की हीच मला हळूच ओढून सावरते. ही नाचणार नसेल तर मी एकटा उभा राहून करू काय? हात हलवू?" गाव खो खो हसलं. मग काय विचारता! मुंबईतले चॅनेलचे बडे साहेब फोनवर फोन झाल्यावर कबूल झाले, आणि नानांनी यादवसाहेबांपुढं माईक धरला, "हितं बोला, साहेब. गाव साक्षी हे." डॉक्टर आले, सरावाची मजुरी सगळ्यांसमोर कबूल झाली, आणि संध्याकाळी प्रत्येक जोडी मंचावर आली तेव्हा पडद्यावर दोन्ही नावं झळकली आणि निवेदिकेनंही घेतली. पुरी!

मोहिनी नाचली. कशी नाचली म्हणून विचारू नका, नाना पहिल्या रांगेत खुर्चीवर बसायचं सोडून उभेच होते, आणि मागचे लोक "ओ फेटेवाले, खाली बसा!" म्हणून ओरडत होते. गाडी दुसऱ्याच जोडीला गेली. "गाडी कशाला?" नाना म्हणाले. "आपला टेम्पो हे की!" त्याच टेम्पोत, झेंडूच्या रिकाम्या पाट्यांमध्ये बसून लेक घरी आली, आणि एका पाटीवर पाय ठेवून प्लास्टरवाला ज्ञानेशही, "चार दिवस र्‍हा, मग मनमाडला सोडतो," असा नानांचा हुकूमच सुटला होता.

दुसऱ्या दिवशी विधात्यांच्या घरात कुणाला काही सुधरू देतील तर ते नाना कसले! "मोहिनी, पाणी आण गं!" पाणी आलं. "मोहिनी, माझा चष्मा कुठं हे?" चष्मा नाकावरच होता. "मोहिनी, शेवंती बघायला मळ्यात येतीस का?" "मोहिनी, काय नाय, सहज हाक मारली."

"अहो, पुरे आता!" सरुबाई चुलीपाशी हसता हसता डोळे पुसत होत्या. "सहा वर्षांचं एका दिवसात उरकायचंय का?"

ओट्यावरून पुन्हा हाक आली, "मोहिनी!"

मोहिनी दाराआडच उभी होती. तिला पहिल्याच हाकेला नीट ऐकू गेलं होतं. पण तिनं आईकडं बघून ओठांवर बोट ठेवलं, आणि नाना आणखी एकदा हाक मारतील म्हणून ओ न देता तशीच उभी राहिली.