झिरोच्या उजेडातला घास

चोपड्याच्या बाजारातून समाधान दिवे घेऊन आला, तेव्हा ललिताने नवऱ्याला आधी सासूच्या खोलीचं विचारलं. दुकानदाराने त्याला नीट समजावून दिलं होतं. ओट्यावर, जिथे चिरायचं-निवडायचं, तिथे भरपूर पांढरा उजेड, बैठकीत मध्यम, निजायच्या खोलीत मंद, पिवळा. सासूच्या खोलीलाही त्याने मंदच आणला होता. ललिता म्हणाली, तो परत करा, तिथे सगळ्यात मोठा लावा. तिथे आता राहतंय कोण, म्हणून समाधान हसला. पण लावला.

त्याला काय सांगणार, कप्पाळ! वच्छलाबाई होत्या तेव्हा त्या खोलीत झिरोचा बल्ब असायचा, आणि त्या लालसर अंधारात म्हातारी नातीला भरवायची. भाकरीचा तुकडा आधी स्वतःच्या तोंडात. मिशरीने काळ्या पडलेल्या हिरड्यांवर घोळवून घोळवून त्याचा लगदा करायचा, आणि बोटाने काढून रूपाच्या तोंडात घालायचा. ललिताने ते पाहिलं त्या दिवशी तिला भडभडून ओकारी आली.

"तिले कोठे चावता येस?" म्हातारी शांतपणे म्हणाली होती. रूपा तेव्हा बालवाडीत जात होती, तोंडभर दात होते.

आखाजीच्या, अक्षय तृतीयेच्या आधी म्हातारी गेली. तेव्हापासून रूपाने आईच्या हातचा घास घेतला नाही. खिचडी, शेवभाजी, आमरस, काहीही पुढे करा, ओठ घट्ट. तरी पोर वाळेना, उलट गाल वर आले. संध्याकाळी ती झिरोच्या खोलीत जाऊन बसायची, आणि बाहेर यायची तेव्हा तोंडाला तो वास असायचा, मिशरीचा आणि आंबलेल्या भाकरीचा. ललिता तिचं तोंड साबणाने धुवायची आणि मग कितीतरी वेळ स्वतःचे हात धूत राहायची.

म्हणून हा दिवा. पोर त्या तोंडातून सोडवायची होती.

दिवेलागणीला तिने बटण दाबलं. खोली लख्ख झाली. खाटेखाली, दाराआड, कुठेच सावलीला जागा उरली नाही. रूपा मधोमध पाटावर बसली होती. ललिताला हायसं वाटलं आणि तिने दूधभाताची वाटी पुढे केली.

रूपाने वाटीकडे पाहिलंच नाही. डोळे गच्च मिटले आणि आ केला.

वाटी ललिताच्या हातातच होती. रूपाचं तोंड मिटलं, जबडा हलू लागला... हनुवटीवर लाळेची चिकट तार लोंबली, तिच्यात काळे कण होते.

"रूपा... थुंक. थुंक ते."

"उजेडात आजी येत नाही ना," तोंडातलं सांभाळत रूपा कुजबुजली. "तू पण मिट ना डोळे..."

ललिताने डोळे ताणून उघडे धरले. ते झोंबले, पाण्याने भरले. माणूसच ती, किती धरणार? नकळत पापणी लवली.

ओठांना कोमट, ओलं बोट लागलं.

डोळे उघडले तेव्हा खोलीत लख्ख उजेड होता आणि मायलेकींशिवाय कुणी नव्हतं. जिभेवर मिशरीची चव होती. आणि ललिताने तो घास गिळलेला होता.