'गंजपत्रा'चं अर्धं गाणं

७ जानेवारी २०२४, रविवार. झाशीत दाट धुकं. दुपारचे तीन वाजले तरी महाराष्ट्र मंडळाच्या हॉलच्या खिडक्यांतून समोरचा रस्ता दिसत नव्हता.

जानकीबाई पहिल्या रांगेत शाल आवळून बसल्या होत्या. मंडळाने आज त्यांच्या सिद्धार्थच्या आठवणीत कार्यक्रम ठेवला होता. सिद्धार्थ आणि त्याचा मित्र सुजित, या दोघांचा बँड म्हणजे 'गंजपत्रा'. कारखान्यातले घण, कटर, भोंगे ते कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळायचे आणि त्यावर सिद्धार्थ गायचा. तेही आवाज मशीनमधून काढून, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. कॉलनीत लोक म्हणायचे, "इंजिनियरसाहेबांच्या मुलाने भंगारचं दुकान काढलंय." आता पुण्या-बेंगळुरूची मुलं तसंच वाजवू पाहत होती. परदेशात लेख निघत होते. पण सिद्धार्थ बारा वर्षांपूर्वीच, चोविसाव्या वर्षी, झाशीजवळच्या मोठ गावाच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. मोबाइलही त्याच्याबरोबर चिरडला. त्याचा साधा, घरातला आवाज कुठेच उरला नव्हता. जानकीबाईंना तेवढाच हवा होता.

"काकू, गणपतीतल्या त्या शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग सापडलंय," सुजित हळूच म्हणाला. "तेव्हा अध्यक्ष असलेल्या नारायणरावांनी मध्येच मेन स्विच बंद करायला लावला ना, तेव्हा आमचा रेकॉर्डर सेलवर चालू होता. मशीन बंद पडल्यावर तो काही बोलला असेल, तर साधंच ऐकू येईल. अकरा मिनिटांचं आहे. मी ऐकलेलं नाही. तुमच्याआधी नको वाटलं."

गाणं सुरू झालं. घण, भोंगे. तेव्हा याच गाण्यातून सगळी कॉलनी उठून गेली होती. जानकीबाईही कान दाबत गेल्या होत्या. आज पुण्याहून आलेली शाल्मली ते डोळे मिटून ऐकत होती, मांडीवरचा मोबाइल रेकॉर्डिंगला लावून. मग सगळं एकदम थांबलं. नारायणरावांचा जुना, करारी आवाज आला, "बस करा रे. आरती व्हायचीय." हॉलमध्ये हसू पसरलं. म्हातारे नारायणराव खाली बघत राहिले.

खट्. संपलं. सिद्धार्थ काहीच बोलला नव्हता.

जानकीबाईंनी पिशवी उचलली. तेवढ्यात कुठूनतरी लांबून एक घण पडला. मग दुसरा. हॉलमध्ये ओल्या लोखंडाचा वास आला. आणि कुणीतरी गाऊ लागलं... तुटलेल्या ओळीच्या पुढून, मशीनशिवाय.

"सुजित..."

"काकू, मी बंद केलंय. बघा ना... स्क्रीन काळी आहे."

आवाज त्याचाच होता, पण चोविशीतला नव्हता. जड झालेला, किंचित घोगरा. त्याच्या वडिलांचा पस्तिशीनंतर झाला होता, तसा.

चौकीदार घाबरून स्विचबोर्डकडे धावला. नारायणराव आडवे आले. "भैया, बोर्ड को हाथ मत लगाना," ते कसेबसे म्हणाले.

गाणं थांबलं.

"आई... बसलीयेस?"

"बसलेय रे."

"सगळे गेले का?"

जानकीबाईंनी मागे वळून पाहिलं. एकही खुर्ची रिकामी नव्हती.

"नाही. तू गा."

त्याने ते शेवटपर्यंत म्हटलं. नंतर सुजितने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. अकरा मिनिटांनी खट् झालं. पुढे काही नव्हतं.

शाल्मलीच्या मोबाइलमध्ये मात्र तो सगळा वेळ टिपला गेला. त्यात खुर्च्यांची करकर आहे, नारायणरावांचं हिंदी आहे, आणि जानकीबाई आहेत. त्या म्हणतात, "बसलेय रे." थोड्या वेळाने म्हणतात, "नाही. तू गा." मधली जागा कोरी आहे.