सहावं भांडं

गोळी पोटात विरघळते की नाही, हे बघायला पोट लागत नाही. अंगाइतकं कोमट पाणी, काचेचं भांडं आणि त्यात फिरणारं पातं, एवढ्यावर भागतं. नगरच्या प्रयोगशाळेत सत्यशीलाचं रोजचं काम हेच. जिल्ह्यातल्या मेडिकल दुकानांतून आणलेल्या शुगरच्या गोळ्या सहा भांड्यांत सोडायच्या आणि बघत बसायचं.

शेवगावला तिची आई चांगुणाबाई शुगरचीच गोळी खायची. "सत्या, ही नवी गोळी माझ्या पोटात तशीच पडून राहती बघ. काय गुण न्हाई हिला," असं ती कधीची सांगत होती.

"चोरून गूळ खायचा आणि गोळीला नावं ठेवायची! वा गं वा!" सत्यशीलानं हसण्यावारी नेलं. तरी नगरला निघताना आईनं गोळ्यांचं फोडलेलं पाकीट तिच्या पर्समध्ये कोंबलंच.

फोडलेलं पाकीट नमुना म्हणून चालत नाही. शनिवारी मात्र एक भांडं मोकळं होतं, म्हणून तिनं आईची गोळी त्या सहाव्यात टाकली. बाकीच्या पाच बघता बघता विरघळल्या. आईची तळाशी जशीच्या तशी. आईला फोन करावा, असं अगदी मनात आलं होतं. पण एका निकालावर बोलायचं नाही, पुन्हा करून बघायचं, हा इथला शिरस्ता. सोमवारी बघू म्हणत तिनं मशीन बंद केलं, वायर काढून ठेवली. करायला हवा होता गं बाई तो फोन!

सोमवारी सकाळी ती आली. वायर काढलेलीच होती. पाच भांडी गार. सहाव्याच्या काचेवर मुंग्यांची रांग चढली होती. साध्या पाण्याला मुंग्या? तिनं हात लावला. काच कोमट होती. गोळी अजून तळाशीच.

फोन वाजला. तिचा भाऊ भीमा. तिनं स्पीकर लावला.

"ताई, आई गेली गं. शुगर लई वाढली हुती म्हनं. पन अंग गार पडंना, ताई. श्वास न्हाई, आन् अंग कोमट. डॉक्टर बी नुसते बघत हुबे हायेत."

सत्यशीलानं भांडं दोन्ही हातांनी धरलं.

"आई, चुकलं गं माझं. तू खरं सांगत होतीस."

गोळीची कड सुटली. पांढरं पाणी हळूहळू वर चढलं.

तिच्या तळव्यांखाली काच गार होत गेली.

मुंग्या माघारी वळल्या.

"ताई," भीमा म्हणाला, "आत्ता पडली बघ गार."